रतनजी दुभाष्याची इंग्रजी

आमच्या कोर्टात सगळ्यांत रुबाबदार कोट मॅजिस्ट्रेटसाहेबांचा नव्हता, तो रतनजी दुभाष्याचा होता. पांढरा, बंद गळ्याचा, पितळी गुंड्यांचा. वैशाखात माती भाजून निघायची, वकील मंडळी गळपट्टे सैल करून पंख्याखाली बसायची, पण रतनजीची गळ्याची गुंडी कधी सुटलेली मी पाहिली नाही. डोक्याला तांबडा फेटा, खाली परीटघडीचं धोतर आणि पायांत करकर वाजणारे जोडे. ते वाजावेत म्हणून तो चांभाराला मुद्दाम सांगून ठेवायचा.

"दुभाषी उना, कोर्टले हाई समजाले पाहिजे," असं त्याचं अहिराणीतलं म्हणणं.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं आमचं तालुक्याचं गाव. नंदुरबार हा तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, हुकूम धुळ्याहून यायचे. मी कळसाडीच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. पुण्याला कायदा शिकून, सनद घेऊन मी या कोर्टात बसायला लागलो तेव्हा राज्य मुंबईचं होतं आणि साहेबांची लेखणी इंग्रजीत चालायची. बाजारात अहिराणी, पेठेतल्या मारवाडी दुकानांत मारवाडी मिसळलेली हिंदी, आणि डोंगरातून उतरणाऱ्या माणसांच्या तोंडी भिली नाहीतर पावरी. या सगळ्यांच्या मधोमध रतनजी उभा असायचा. शब्दशः मधोमध. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून हातभर आणि साहेबांच्या टेबलापासून हातभर.

तो स्वतः काठी गावाच्या पलीकडल्या एका पाड्यावरचा भिल्ल. सपाटीवरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. इंग्रजी मात्र एका जंगलखात्याच्या साहेबाच्या छावणीत ऐकून ऐकून उचललेली. ती चुकायची, अडखळायची, पण मागे फिरायची नाही. एखादा साक्षीदार बोलता बोलता गोंधळला की रतनजी साहेबांना सांगायचा, "ही इज नॉट टेलिंग लाय, सर. ओन्ली फरगेटिंग." वकील हसायचे. तोही हसायचा आणि पुढचं वाक्य आणखी मोठ्यानं बोलायचा. स्वतःच्या इंग्रजीचा त्याला जबर अभिमान होता आणि तो लपवण्याची त्याला कधी गरज वाटली नाही.

जबानी लिहिताना सुरुवातीला नाव, बापाचं नाव, वय, धंदा, गाव असं विचारायची रीत. नाव-गाव लगेच होऊन जायचं. धंद्यापाशी रतनजी थांबायचा. त्याच्या आधीच्या काळात डोंगरातून आलेल्या प्रत्येक माणसापुढे बेंच क्लार्क न विचारताच 'लेबरर' लिहून टाकायचा. रतनजीनं ते बंद पाडलं. त्यासाठी तो सकाळी लवकर यायचा. कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली डोंगरातली माणसं बसलेली असायची. तिथं, त्या कडक धोतरानिशी, धुळीत उकिडवा बसून तो एकेकाशी बोलायचा. उठल्यावर काय करतोस, पावसाळ्यात काय, उन्हाळ्यात काय, गावात तुला कशासाठी बोलावतात. पुकारा होईपर्यंत प्रत्येकासाठी एक इंग्रजी शब्द त्याच्याकडे तयार असायचा. नसला तर करकर जोडे वाजवत तो माझ्याकडे यायचा.

"वकीलसाहेब, जो मानूस बांबूना टोपला ईनस, त्याले काय म्हनतस?"

"बास्केट-मेकर."

"मेकर," तो चव घेत म्हणायचा. "चांगला शब्द शे."

एकदा दुपारच्या सुट्टीत ओसरीवर आम्ही दोघेच होतो. त्यानं मला विचारलं, "तुमनं काय, वकीलसाहेब? जॉब का प्रोफेशन?"

"प्रोफेशन," मी जरा ताठ बसून म्हणालो.

"आनि मन्हं?"

"तुमची सर्व्हिस. सरकारी नोकरी."

"सुतारनं?"

"ट्रेड. हातातलं कसब असतं त्याला ट्रेड म्हणतात."

"आनि तो हमाल, तो देखा, पोतं उचली ऱ्हायना?"

"लेबर."

त्यानं हमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग फेटा काढून मांडीवर ठेवला. हे तो फार गंभीर गोष्ट बोलायची असली तरच करायचा.

"साहेबनी भाषामा कामले एवढा नावं शेतस," तो म्हणाला. "मंग मन्हा डोंगरना मानसंस्ले एकच नाव कसं पुरी?"

त्याला उत्तर नकोच होतं. फेटा डोक्यावर ठेवून तो आत गेला.

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका म्हातारीच्या साक्षीच्या वेळी. दोन पाड्यांमधल्या मारामारीचं प्रकरण होतं. म्हातारी पिंजऱ्याच्या कठड्याएवढीसुद्धा उंच नव्हती. क्लार्कनं सवयीनं 'लेबरर' लिहायला घेतलं तसा रतनजी म्हणाला, "नाही साहेब. मिडवाइफ."

साहेबांनी मान वर केली. कारवारकडचे होते ते, आमच्या उन्हानं बेजार झालेले, दिवसभर लिंबाचं पाणी पिणारे. "खात्री आहे?"

"साहेब, आसपासच्या पाड्यांवरची पोरं हिच्याच हातांत जन्मलेली आहेत. आज जे एकमेकांची डोकी फोडून आलेत ना, त्या दोन्ही बाजूंची."

साहेब हसले आणि तसं लिहून घेतलं. साक्ष झाल्यावर बाहेर रतनजीनं म्हातारीला समजावून सांगितलं की सरकारच्या कागदावर तुझं काम लागलं. म्हातारीनं काहीतरी विचारलं. रतनजीनं मान हलवली. त्यावर ती फणकाऱ्यानं बोलली आणि पदर झटकून चालती झाली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हने, गये साल जुळं उनं, दोन्ही जगनात, ते लिखं का? मी म्हनं, ते नही लिखं. म्हने, मंग काय लिखं!" आणि तो पोट धरून हसला.

सगळंच असं नीट व्हायचं नाही. एकदा एका भगताची साक्ष होती. रतनजीनं त्याच्यासाठी मोठ्या ऐटीत 'डॉक्टर' हा शब्द पुढे केला. समोरचे वकील मुरलेले होते. ते उठले आणि भगताला डॉक्टर समजूनच प्रश्न विचारू लागले. जखमेची खोली किती, हत्यार धारदार की बोथट, शिक्षण कोणत्या कॉलेजात झालं. भगत बिचारा प्रत्येक प्रश्नाला हात जोडत होता. कोर्ट हसण्यानं दणाणलं. साहेबांनी रतनजीला सगळ्यांसमोर खडसावलं, की शब्द वापरायचा तर तो पेलतो का ते आधी बघत जा.

पुढचे काही दिवस जोडे वाजले नाहीत. तो हळू पाय टाकत होता. मग एक दिवस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "डॉक्टर नही. वैद्य बी नही, पुजारी बी नही. मंग काय, वकीलसाहेब?" आम्ही माझा शब्दकोश उलटापालटा केला. 'प्रीस्ट' त्याला पटेना, कारण भगत औषध देतो. 'हीलर' पटेना, कारण तो देवाशी बोलतो, पेरणी कधी करायची ते सांगतो, भांडणं मिटवतो. अखेर पुढचा भगत कोर्टात आला तेव्हा रतनजी साहेबांना म्हणाला, "सर, इंग्लिश हॅज नो वर्ड. प्लीज राइट भगत." साहेबांनी 'भगत' लिहिलं. त्या दिवशी रतनजीनं सगळ्या कोर्टाला चहा पाजला. "आज इंग्रजी हारनी," असं तो प्रत्येक पेल्यामागे सांगत होता.

मात्र रतनजीचं नाव निघालं की मला आधी आठवतं ते बाज्याचं प्रकरण.

बाज्या नर्मदेकाठच्या मणिबेलीचा. चारोळी विकायला बाजाराला उतरला होता. सोबतची माणसं पुढे निघून गेली, म्हणून पेठेतल्या एका मारवाड्याच्या कापड दुकानाच्या ओट्यावर निजला. सकाळी शेजारच्या दुकानाचं कुलूप तुटलेलं सापडलं. बाज्याजवळ काही मिळालं नाही, त्याला कुणी पाहिलं नव्हतं. ज्याच्या ओट्यावर तो निजला होता त्या शेठजींनीही, "बिचारा घोरत होता," असंच सांगितलं. पण पोलिसांना कुणीतरी हवं होतं. चोरी लागत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरं कलम लावलं. उपजीविकेचं दिसतं साधन नसलेला इसम. अशा माणसानं चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायचा, नाहीतर तुरुंगात जायचं. आणि मणिबेलीच्या माणसाला आमच्या गावात जामीन कोण राहणार?

बाज्याला थेट कोठडीतून आणलं. त्यामुळे चिंचेखालचं बोलणं झालं नाही. तो पिंजऱ्यात उभा राहिला, दणकट, काळा, डोळे जमिनीवर. पकडल्यापासून तो कुणाशी फारसं बोलला नव्हता. साहेबांनी विचारलं, रतनजीनं भाषांतर केलं. नाव, बापाचं नाव. मग धंदा. बाज्या काहीतरी पुटपुटला.

रतनजीची नजर बाज्यावरच राहिली.

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"साहेब..." रतनजीच्या चेहऱ्यावर घाम होता. "तो म्हणतो, काही नाही."

पोलीस प्रॉसिक्यूटर लगेच उठले. "ठाण्यातही याचं हेच उत्तर आहे. काही नाही. कबूलच करतोय की साहेब!"

साहेबांनी लेखणी उचलली. त्या क्षणी रतनजी एक पाऊल पुढे आला. जोड्यांची करकर सगळ्या कोर्टाला ऐकू गेली.

"साहेब, परवानगी असावी. माझा शब्द चुकला. मला हाच प्रश्न पुन्हा विचारायचा आहे."

"दुभाषी वकिली करायला लागला काय?" प्रॉसिक्यूटर ओरडले. "माझी हरकत आहे."

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "तू कोणता शब्द वापरलास?"

"धंदा, साहेब. सवयीनं तोंडातून गेला. याच्या गावात धंदा म्हणजे दुकान मांडून बसणं. नोकरी म्हणजे जंगलातला शिपाई. याच्याकडे दुकान नाही आणि डगला नाही. मग हा काही नाही म्हणणार, दुसरं काय म्हणेल? पण साहेब, कायद्यात तर धंदा लिहिलेलं नाही."

साहेब थांबले. समोरचं पुस्तक त्यांनी ओढून घेतलं, पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. मला त्यांचे ओठ हलताना दिसले. मग पुस्तक तसंच उघडं ठेवून ते म्हणाले, "कायदा म्हणतो, निर्वाहाचं साधन. तेवढंच विचार. एक अक्षर जास्त नको."

रतनजी बाज्याकडे वळला. प्रश्न पावरीत होता, मला शब्द कळले नाहीत. नंतर त्यानं सांगितलं. "तुना पोरंसोरं काय खातस, आनि ते कोठून येस?" एवढंच विचारलं होतं.

बाज्यानं पहिल्यांदा मान वर केली.

आणि तो बोलायला लागला. आधी हळू, मग भराभर, हात हलवत. रतनजी एकेक तुकडा घेऊन पलीकडे ठेवत होता. डोंगरउतारावर मका आणि ज्वारी करतो. कल्टिव्हेटर, साहेब. नर्मदेत जाळं टाकतो. फिशरमन. चैतात मोहाची फुलं वेचतो, मग चारोळी, मग डिंक. इथं रतनजी अडला, कपाळाला हात लावून शब्द शोधला, सापडेना, तेव्हा तसंच सांगितलं. झाडाचं खोड कोरून होडी करतो. बोट-बिल्डर! हा शब्द रतनजी जवळजवळ ओरडलाच. पलीकडच्या काठावर माणसं पोचवतो. बोटमन. क्लार्कच्या कागदावरची जागा कधीच संपली होती. साहेबांनी कागद स्वतःकडे घेतला आणि समासात लिहू लागले.

"हे सगळं याचंच म्हणणं," प्रॉसिक्यूटर कुरकुरले. "पुरावा कुठाय?"

ते खरं होतं. साहेबांनी तारीख दिली. आरोपीतर्फे कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा रतनजीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि वकीलपत्र दाखल करतो म्हणालो.

दुभाष्यानं साक्षीदार जमवायचे नसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निरोप मी पाठवला. बाजाराला आलेल्या बायांकडे दिला आणि तो तोंडातोंडी डोंगर चढून गेला. पोचेल की नाही याची मला शंका होती.

तारखेच्या दिवशी सकाळी मी कोर्टात आलो आणि फाटकाशीच थांबलो. चिंचेखाली जागा नव्हती. आवारात, ओसरीच्या कडेनं, रस्त्याच्या पलीकडे, सगळीकडे नर्मदाकाठची माणसं बसली होती. होड्यांनी आणि मग पायी, वाटेत मुक्काम करत आली होती. बाज्याची बायको होती, गावचा कारभारी होता. बाज्यानं कोरलेल्या होडीतून जाणारे पलीकडच्या काठावरचे लोकही होते, त्यांना तर आमच्या तालुक्याच्या कोर्टाशी काही देणंघेणं नव्हतं. आणि रतनजी त्यांच्यापासून लांब, कोर्टाच्या पायरीवर, पाठ ताठ करून उभा होता. एका शब्दानं त्यांच्याशी बोलत नव्हता. पण त्याचे डोळे भरून आले होते.

साहेबांनी मोजक्या साक्षी घेतल्या आणि बाज्याला सोडलं. कापड दुकानाचे शेठजी आपणहून पुढे आले आणि म्हणाले, "साब, जामीनच पाहिजे होता तर मला विचारायचं की." बाज्या बाहेर आला तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही. गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळी माणसं उठून डोंगराच्या वाटेला लागली.

प्रॉसिक्यूटरांनी मात्र धुळ्याला तक्रार केली. दुभाषी आपली पायरी सोडून वागतो. रतनजीला खुलासा द्यायला बोलावणं आलं. त्याच्या पाड्यावर पगाराची नोकरी असलेला तो एकटा माणूस होता. त्याच्याकडे बघून लोक पोरांना शाळेत घालत होते. ती नोकरी गेली असती तर ते सगळंच मागे फिरलं असतं.

मी म्हणालो, "रतनजी, माफी मागून टाका. दोन ओळी मी लिहून देतो."

त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. "काय चुकनं मन्हं?"

"काही नाही. पण नोकरी राहील."

"वकीलसाहेब, मन्ही चूक पहिलाच शब्दमा व्हती. ती मी तठेच सांगी दिन्ही. दुसऱ्या शब्दनी माफी मी नही मागाव."

नवीन कोट शिवून तो धुळ्याला गेला. तिथं काय झालं ते त्यानं मला तिखटमीठ लावून सांगितलं, पण पुढे धुळ्याच्या एका कारकुनानंही तसंच सांगितलं, म्हणून मी ते खरं मानतो. मोठ्या साहेबांनी विचारलं, तुझं काम काय? रतनजी म्हणाला, "साहेब, इकडचं बोलणं तिकडे पोचवणं. वाटेत सांडलं तर भरून देणं." आमच्या साहेबांनीही त्याच्या बाजूनं दोन शब्द कळवले होते. चौकशी तिथंच मिटली. परतल्यावर तो मोटारस्टँडवरून सरळ कोर्टात आला. जोडे इतके वाजत होते की सुनावणी थांबवून साहेबांनी दाराकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, रतनजीनं सलाम केला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. माझ्या वकिलीच्या सगळ्या वर्षांत त्या खोलीचा मला इतका अभिमान पुन्हा क्वचितच वाटला.

पुढे महाराष्ट्र झाला, हळूहळू कोर्टाचं लिहिणं मराठीत यायला लागलं. रतनजी थोडा हिरमुसला. एवढ्या मेहनतीनं गोळा केलेली इंग्रजी आता कुणाला सांगायची? पण आठवडाभरातच तो माझ्या टेबलाशी हजर. "मराठीमा कामले किती नावं शेतस, सांगा." मी सांगत गेलो. काम, धंदा, उद्योग, व्यवसाय, पेशा, चाकरी, कसब. तो बोटांवर मोजत होता. "भरपूर शेतस," तो समाधानानं म्हणाला आणि चिंचेकडे निघाला.

तो निवृत्त झाला आणि पाड्यावर परत गेला. त्याच्या जागी आलेला दुभाषी त्याच्याच पाड्यावरचा, त्याला बघून शाळेत गेलेला तरुण होता.

त्यानंतर मी रतनजीला एकदाच पाहिलं, काठीच्या होळीला. रात्रभर नाच चालतो तिथं. मी पोचलो तेव्हा पहाट सरून उजाडलं होतं, होळी पेटून गेली होती आणि तरी ढोल थांबले नव्हते. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे बांधलेले तरुण मधे नाचत होते आणि त्यांच्याभोवती बायामाणसांचं एक मोठं कडं फिरत होतं. त्या कड्यातून एक म्हातारा माझ्याकडे बघून हात हलवायला लागला. उघडं अंग, कमरेला पंचा, गळ्यात मण्यांची माळ, पाय अनवाणी, अंगभर राख. मी ओळखलं नाही.

"वकीलसाहेब!" तो ओरडला.

तो आवाज ऐकल्यावर मात्र मला ओळख पटायला वेळ लागला नाही. मी काही बोलायच्या आत त्यानं माझा हात धरून मला कड्यात ओढलं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. माझे पाय ढोलाशी जुळेनात. ते बघून रतनजीनं शेजारच्या माणसांना भिलीत काहीतरी सांगितलं आणि कडंभर हसू पसरत गेलं. त्याची बायको तर तोंडावर हात धरून हसत होती.

"काय सांगितलंत त्यांना माझ्याबद्दल?" मी धापा टाकत विचारलं.

रतनजीनं माझा हात आणखी घट्ट धरला. त्याच्या पांढऱ्या भुवयांवरसुद्धा राख होती.

"आज नही, वकीलसाहेब," तो म्हणाला. "आज सुट्टी शे."

आणि तो नाचायला लागला.